पाय किती वेळा टेकला? उट्रेख्तच्या सायकल रस्त्यांवर निवृत्त पोस्टमनचा शेरा

हॉटेलला, मोबाइलला, मिक्सरला लोक तारे देतात. मी रस्त्याला देणार आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात मुलीकडे ११ आठवडे राहून आलो आणि त्यातले नऊ आठवडे सायकलवर होतो. त्याआधी १९८३ ते २०१८ पुण्यात टपाल वाटलं, निम्मी वर्षं पेठांत, निम्मी कोथरुडात. सायकल माझी स्वतःची, काळी ॲटलस, २४ इंची. (त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला बंद पडला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला. त्या दिवशी मी सायकल धुतली, दुसरं काय करणार.) तेव्हा सायकलच्या रस्त्यातलं मला थोडं कळतं, असं समजून पुढचं वाचा.

आमच्यात एक जुने पोस्टमन होते, ते रस्ता किलोमीटरमध्ये मोजत नसत, 'टेकणी'त मोजत. टेकणी म्हणजे मनात नसताना पाय जमिनीला टेकावा लागणं. टपाल द्यायला थांबलो ती टेकणी नाही. रिक्षा आडवी आली, सिग्नल लागला, खड्ड्यापाशी तोल गेला, ट्रॅक अचानक संपला, ती टेकणी. ज्यानं भरलेली पिशवी हँडलला अडकवून सायकल हाकली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. थांबलं की पिशवी पुढे झोका घेते, हँडल वाकडं होतं, आणि परत निघताना पायडलवर उभं राहून सगळं वजन उचलावं लागतं. दमतो माणूस तो त्या उचलण्यानं. नुसतं चालवून कोण दमतं!

तर मुलगी राहते लाइडशे राइन नावाच्या नव्या भागात. तिथून उट्रेख्तचं मुख्य स्टेशन साडेपाच-सहा किलोमीटर. पहिल्याच आठवड्यात मोजलं: टेकण्या तीन. दोन सिग्नलच्या आणि एक माझ्या चुकीची, ती पुढे सांगतो. परत आल्यावर कोथरूड डेपो ते डेक्कन, म्हणजे साधारण तेवढंच अंतर, सकाळी दहाला मोजलं: २७. एवढ्यावर अभिप्राय संपवला तरी चालेल, पण मग तिकडे बाकीच्या २४ कुठे वाचल्या ते कळणार नाही.

आधी सायकलीविषयी. ओव्ही-फीट्स म्हणून तिथल्या रेल्वेची भाड्याची सायकल आहे, निळी-पिवळी, जवळपास प्रत्येक स्टेशनावर मिळते. देशभरात २० हजारांहून जास्त आहेत म्हणे. २४ तासांना साडेचार युरोच्या आसपास पडतात. कार्ड मुलीचं होतं, एका कार्डावर दोन सायकली घेता येतात, त्यामुळे एक तिला, एक मला. मला एकदम आमच्या लहानपणचं ताशी सायकलीचं दुकान आठवलं. मालक वहीत नाव, सायकलचा नंबर आणि वेळ लिहायचा, आणि पाच मिनिटं उशीर झाला की पुढच्या तासाचे पैसे. इथे कार्ड टेकवलं की झालं. मालक नाही, त्यामुळे 'काका, अर्धाच तास झालाय हो' म्हणायलाही कुणी नाही.

सायकल धडधाकट आहे. एकच गिअर, जाड टायर, पुढे दिवा, आणि मागच्या चाकाला तेच गोल कुलूप, जे आपल्या प्रत्येक हिरो-ॲटलसला असतं! खटका खाली ओढायचा, दांडी आऱ्यांमधून पलीकडे जाते, 'खट्ट'. एवढ्या लांब येऊन तो आवाज ऐकला आणि मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं.

पण मागचा ब्रेक हाताला नाही, पायाला. पायडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आणि आपली सवय कशी? उतारावर, किंवा नुसतं डुलत चाललो की पाय उगाच उलटे फिरवायचे, फ्रीव्हीलची कटकट ऐकत. पहिल्या दिवशी फ्रेडेनबुर्ख चौकापाशी मी तेच केलं. त्या रस्त्यावरून दिवसाला ३० हजारांच्या वर सायकली जातात, देशातल्या सर्वांत गजबजलेल्या सायकल रस्त्यांपैकी तो एक, आणि त्याच्या ऐन मधोमध मी खांबासारखा उभा. हीच ती तिसरी टेकणी. मागून एक बाई येत होत्या, पुढे लाकडी खोकं असलेली सायकल, खोक्यात दोन पोरं आणि एक कोबीचा गड्डा. मी डोळे मिटले. घंटी एकदाच वाजली, आणि त्या बाजूनं निघूनही गेल्या. मागचे सगळेही तसेच दोन्ही अंगांनी, दगडाला वळसा घालून पाणी जावं तसे. कुणी 'ओ काका' म्हटलं नाही. पुण्यात माझी सात पिढ्यांची ओळख तिथल्या तिथे निघाली असती.

त्या बाईंना बाजूनं जाता आलं, कारण बाजू होती. दोन सायकली शेजारी-शेजारी चालून तिसरी ओलांडून जाईल एवढी रुंदी. नातू (वय १०, शाळेत त्याची सायकलची परीक्षा आहे, रस्त्यावर चालवून दाखवायची, त्यामुळे तो मला रोज शिकवत असे) म्हणाला, "आजोबा, दोघांनी गप्पा मारत जायचं असतं ना, म्हणून." मी पस्तीस वर्षांत सायकल चालवताना गप्पा मारल्या नाहीत. शिव्या दिल्या.

आता रस्त्याचं मुख्य. मी गुडघ्यावर बसून पाहिलं, मुलीला लाज वाटली तरी. सायकलचा रस्ता लाल डांबराचा आहे. डांबराचा, पेव्हर ब्लॉकचा नाही. शनिवारी फ्रेडेनबुर्खच्या बाजारातून अंडी घेतली, कॅरियरला पिशवी बांधली आणि घरी आलो, एकही तडकलं नाही. बाकी कुठलं यंत्र लावून मोजायची मला गरज वाटली नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मोठ्या रस्त्याला गल्ली येऊन मिळते तिथे आपल्याकडे ट्रॅक काय करतो? खाली उतरतो. प्रत्येक सोसायटीच्या गेटापाशी, प्रत्येक पेट्रोलपंपापाशी उतार, खाच, परत चढ. मोटार आपली सपाट जाते, सायकल उंटासारखी. तिथे बऱ्याच गल्ल्यांच्या तोंडाशी उलटं आहे. लाल पट्टा आणि फुटपाथ आहे त्याच उंचीवर सलग पुढे जातात, आणि गल्लीतून येणाऱ्या मोटारीला वर चढून परत खाली उतरावं लागतं. ड्रायव्हरला पाटी वाचायची गरजच नाही. चाकं चढली की त्याच्या पाठीच्या कण्याला कळतं की आपण दुसऱ्याच्या अंगणात आलो. जिथे असा चढ नाही तिथे रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले, टोकं ज्यानं थांबायचं त्याच्याकडे. त्याला ते शार्कचे दात म्हणतात. नातू दर वेळी मागून ओरडायचा, "आजोबा, दात कुणाकडे?" दात माझ्याकडे असले तर मी थांबायचं, नसले तर बिनधास्त. दहा दिवसांत सवय झाली. पुण्यात परतल्यावर ही सवय मोडायला मात्र एक मिनिट पुरलं, एअरपोर्टच्या बाहेरच.

काही गल्ल्यांवर तर पूर्ण रस्ताच लाल असतो आणि पाटीवर मोठी सायकल, तिच्या मागे छोटी मोटार. खाली लिहिलेलं, मोटार इथे पाहुणी आहे. मोटारीला बंदी नाही हं, येऊ द्यावं तिला, पण पाहुण्यासारखं, सायकलच्या मागून. घरच्या माणसांना हॉर्न मारणारा पाहुणा कुणी पाहिलाय?

पेठेत ज्यानं टपाल वाटलं त्याला सर्वांत जास्त कशाचं कौतुक वाटावं? वन-वेच्या पाटीखालच्या छोट्या पाटीचं. 'प्रवेश बंद', आणि त्याच्या खाली: सायकल सोडून. बस्स. एवढीच पाटी. पेठांतले रस्ते वन-वे झाले ते मोटारींच्या गर्दीसाठी, पण फेरा पडला सायकलवाल्याला. शेजारच्या वाड्यात रजिस्टर पत्र द्यायचं तर कायद्यानं दोन चौक फिरून या, नाहीतर उतरून सायकल ढकला. मी काय करत होतो ते इथे लिहीत नाही, पेन्शन चालू आहे. त्या पाटीला ना खोदकाम लागतं ना डांबर. सगळ्याच गल्ल्यांत नाही जमणार, मान्य, बसच्या रस्त्यावर तर नाहीच. पण पेठांतल्या ज्या बोळांतून मोटार तशीही रांगतच जाते, तिथे काय हरकत आहे?

पूल राहिला. लाइडशे राइनहून शहरात यायला आम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालवा ओलांडावा लागतो, खालून मोठाल्या मालवाहू बोटी जातात. त्यावर २०१७ मध्ये फक्त सायकली आणि चालणाऱ्यांसाठी पूल झाला, तिथल्याच धावपटू डाफने स्खिपर्सच्या नावाचा. पुलावर चढायला उंची हवी, आणि शहराच्या बाजूला जागा नाही. मग केलं काय, तर चढणीचा रस्ता एका शाळेच्या गच्चीवरून वळसा घालून नेला. खाली पोरं पाढे म्हणताहेत (किंवा तिकडे जे काही म्हणत असतील ते) आणि वरून सायकली चालल्या आहेत. वळसा मोठा, म्हणून चढ सौम्य, म्हणून सदुसष्टाव्या वर्षी माझा पाय टेकला नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा वर थांबून दोनदा खाली पाहिलं, त्या टेकण्या धरलेल्या नाहीत, हौसेच्या होत्या.

स्टेशनाखालचा सायकल तळ पाहायला लोक मुद्दाम येतात. साडेबारा हजार सायकली, तीन मजले, २०१९ मध्ये पूर्ण झाला, जगात सर्वांत मोठा. पहिले २४ तास फुकट. उतरायचं नाही, चालवतच आत जायचं, कुठल्या रांगेत किती जागा रिकाम्या ते वर आकड्यात दिसतं. माणसाला गणपती पाहायला जावं तसं वाटतं. फक्त रांग लक्षात ठेवा! सदाशिव पेठेतले घरनंबर ज्याला झोपेत पाठ होते, तो मी, एका शुक्रवारी मुलीची सायकल कुठे लावली ते विसरलो आणि ४० मिनिटं साडेबारा हजारांत एक काळी सायकल शोधत फिरलो. सगळ्या काळ्याच असतात. शेवटी सीटवर बांधलेल्या बिग बझारच्या पिशवीवरून सापडली. त्यानंतर तळहातावर पेनानं नंबर. वरच्या रांगेत सायकल चढवायला ताकद लागते, ज्येष्ठांनी खालच्या रांगेची वाट पाहावी.

रविवारी गावाबाहेर जायचं तर आणखी एक व्यवस्था आहे, तिनं मला पोस्टात परत नेलं. वाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला नंबर. निघताना कागदावर लिहायचं, समजा ३४, ३५, ७२, १८, आणि नंबरच्या पाट्या बघत जायचं. गावांची नावं माहीत नकोत, भाषा यायला नको, फोन काढायला नको (चालवताना फोन हातात धरायला २०१९ पासून बंदीच आहे). ही तर बीटच झाली, म्हणजे पोस्टमनला वाटपासाठी घरानुसार लिहून दिलेली वाट! मला डच भाषेतला एक शब्द धड उच्चारता येत नसताना मी एकटा ३० किलोमीटर फिरून जेवायला घरी आलो.

जावई म्हणाले की हे काही यांच्या रक्तात नाही. साठ-सत्तरच्या दशकांत इथेही मोटारींसाठी सगळं मोकळं करत होते, जुन्या शहराभोवतीच्या खंदकाचा एक भाग कोरडा करून त्यात मोटार रस्ता घातला होता. २०२० मध्ये तो उखडून परत पाणी सोडलं. आम्ही त्याच्या काठानं रोज जात होतो, बदकं बघत, मला खरंच वाटेना. १९७१ या एका वर्षात देशात रस्त्यांवर तीन हजारांच्या वर माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' अशी चळवळच झाली. त्यात तेलाचं संकट आलं. मग सरकारनं टिलबुर्ख आणि द हेग या दोन शहरांत एकेक झकास सायकल रस्ता बांधून पाहिला. त्या रस्त्यावर सायकली वाढल्या, पण शहरात एकूण फारशा वाढल्या नाहीत. ज्या सायकली शेजारच्या रस्त्यानं जायच्या त्या इकडून जायला लागल्या, इतकंच. पुढे ऐंशीच्या दशकात डेल्फ्टमध्ये एक रस्ता न करता सगळं जाळं जोडत नेलं, मोठे रस्ते, गल्ल्या, छोटे पूल, तुटलेले तुकडे. तिथे सायकली वाढल्या.

हे ऐकलं आणि मला आमच्या कोथरुडातला पौड रस्ता दिसला. पुण्यातच सातारा रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बसची राखीव लेन, आली तेव्हा कडेनं सायकल ट्रॅक आले, त्याआधी आणि नंतरही पुण्यात जागोजागी आले. नाहीत असं कुणी म्हणू नये. ट्रॅक आहे, चांगला चाललाय, आणि मग समोर विजेची डीपी. किंवा रसवंतीगृहाची बाकडी. किंवा काहीच नाही, नुसतं संपलेलं काँक्रीट, वीतभर उंच, आणि खाली बसची चाकं. पाच किलोमीटरचा ट्रॅक चार ठिकाणी तुटला की तो पाच किलोमीटरचा राहत नाही. मनीऑर्डर चार घरं आधी थांबली तर 'बरीचशी पोचली' म्हणतो का आपण? माझ्या २७ टेकण्यांपैकी सिग्नलच्या फक्त नऊ. बाकीच्या १८ म्हणजे तुटलेले सांधे.

पुण्याला चढ आहेत, ऊन आहे, हे बोलून दाखवणारे भेटतील. चांदणी चौकाचा चढ मलाही माहीत आहे. पण पेठा सपाट आहेत, आणि ऊन तर मी नोकरीत असतानाही होतंच. उलट तिकडचा समोरून येणारा वारा ज्यानं खाल्ला त्यानं पुण्याच्या चढाची तक्रार करू नये. नोव्हेंबरात एकदा मी पायडल मारत होतो आणि कालव्यातलं बदक मला मागे टाकून गेलं.

खोट काढायची तर दोन आहेत. जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकली घेऊन पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्याच लाल रस्त्यावरून मोटारसायकलच्या वेगानं जातात, आवाज नाही, त्यामुळे कळतही नाही. तिथलेही लोक वैतागलेत. दुसरी खोट आमच्या मंडळींनी काढली. ती सायकल चालवत नाही. शेजारणीची उसनी आणली होती, सीट तळाला नेलं तरी तिचे पाय जमिनीला लागेनात, म्हणजे तिची टेकणी शून्य, पण पडण्याच्या दिशेनं. त्यामुळे ती चालायची. तिचं म्हणणं, "अहो, तुम्हाला स्वर्ग वाटतोय, पण चालणाऱ्याला इथे कुणी वाली नाही. चुकून लाल पट्ट्यावर पाय पडला की चहूकडून घंट्या." हे खरं आहे. झेब्रा क्रॉसिंगवर मोटारी थांबतात, सायकली थांबतीलच असं नाही. मीसुद्धा दोनदा थांबलो नाही, त्यातली एकदा समोर तीच होती.

एक मात्र तिला आवडलं. तिकडे कॅरियरवर डबलसीट चालतं. आमच्या तरुणपणी पुण्यात डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडायचे, १९८७ मध्ये लग्नानंतर चौथ्या दिवशी आमची सुटली होती आणि आम्ही संभाजी बागेपासून घरापर्यंत सायकल ढकलत आलो होतो. ११ आठवड्यांतल्या शेवटच्या रविवारी तिला कॅरियरवर बसवून कालव्याच्या काठानं दीड किलोमीटर नेली. टेकण्या सहा. म्हातारपणाच्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो घंट्यांसाठी, वाऱ्याला कापत नाही.

जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: हातमोजे न्या, वळताना हात दाखवा, पाय उलटे फिरवू नका. ओव्ही-फीट्सचं कार्ड तिथे राहणाऱ्या कुणाच्या तरी नावावर लागेल.

इकडे आल्यावर मी कोथरूड डेपो ते डेक्कनच्या त्या १८ जागा एका पाठकोऱ्या कागदावर उतरवल्या, जशी नव्या पोस्टमनला बीट लिहून देतो तशी: कुठल्या दुकानासमोर, काय आडवं, किती उंच. झेरॉक्स काढून ज्यांना द्यायची त्यांना दिली. तीन महिने झाले. चौथ्या नंबरला मी 'डीपी, ट्रॅकच्या बरोबर मध्ये, रात्री दिसत नाही' असं लिहिलं होतं. परवा गेलो तर डीपी तिथेच आहे. पण कुणीतरी तिला पिवळे-काळे पट्टे मारलेत. रात्री दिसते आता.